ओठावरच्या पुटकुळ्या आणि हातात असलेला एक दिवस

ओठाच्या कडेला, लिपस्टिक जिथे संपते त्या रेषेवर, आधी काहीच दिसत नाही. नुसतं चुणचुणतं. कुणाला मुंग्या येतात, कुणाला खाज सुटते, कुणाला तेवढीच जागा तापल्यासारखी, ताठरल्यासारखी वाटते. आरशात पाहिलं तर ओठ नेहमीसारखाच. काही तासांनी तिथे लाली येते आणि मग टाचणीच्या डोक्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचा पुंजका उठतो. दोन-तीन दिवसांत त्या एकमेकींत मिसळतात, फुटतात, ओली झोंबणारी जखम होते. तिच्यावर पिवळट-तपकिरी खपली धरते. हसलं, जांभई दिली, भाकरीचा घास मोठा घेतला की खपली तडकते आणि रक्त येतं. सात ते दहा दिवसांत खपली गळून पडते, खाली सहसा व्रणही राहत नाही.

‘ताप ओठावर फुटला’, ‘उष्णता बाहेर पडली’, ‘रात्री झुरळ चाटलं असेल’ असं घरोघरी काय काय म्हटलं जातं. मुळात हे दुखणं हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १ या विषाणूचं. मी दातांची डॉक्टर आहे. असा ओठ घेऊन येणारे बहुतेक पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी येतात, खपली तडकायला लागली की. तोवर तूप, हळद, टूथपेस्ट, कपाटात सापडलेलं कसलंतरी मलम, सगळं लावून झालेलं असतं. या दुखण्यावर औषध आहे, ते फार महागही नाही आणि त्याने फरक पडतो. पण तो पहिल्या दिवशी सुरू केलं तर. म्हणून पुटकुळी दिसायच्या आत, त्या चुणचुणीवरूनच हे दुखणं ओळखता आलं पाहिजे, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. त्या वयातल्या दर तिघांमागे जवळपास दोघं झाले. बऱ्याच जणांना तो लहानपणीच मिळतो, घरच्या कुणाच्या तरी पाप्यातून, उष्ट्या चमच्यातून, पाळणाघरात एकमेकांची खेळणी तोंडात घालताना. पुष्कळांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींच्या ओठावर मात्र तो वर्षातून एक-दोनदा डोकं वर काढतो.

लहान मुलांची पहिली लागण

हा विषाणू शरीरात पहिल्यांदा शिरतो तेव्हा बहुतेकदा काहीच होत नाही. होतं तेव्हा मात्र ते मोठ्यांच्या ओठावरच्या पुटकुळीपेक्षा कितीतरी जास्त त्रासाचं असतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रामुख्याने दिसतं. आधी चांगला सडकून ताप येतो, मूल किरकिरं होतं. एक-दोन दिवसांत लाळ गळायला लागते, तोंडाला वास येतो. तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या लालभडक, फुगलेल्या, नुसतं बोट लागलं तरी रक्त येणाऱ्या. जिभेवर, टाळूवर, ओठांच्या आत बारीक फोड फुटून झालेल्या जखमा. जबड्याखाली हाताला गाठी लागतात. मूल भुकेलेलं असतं, दूध पाहून हात पुढे करतं आणि पहिला घोट घेताच रडत तोंड फिरवतं. हे पाहणाऱ्या आईबापांचा जीव नुसता कासावीस होतो.

याला सर्रास ‘दात येताहेत’ म्हणून सोडून दिलं जातं. दात येताना हिरडी हुळहुळते, लाळ गळते, मूल चावायला बघतं. पण सडकून ताप आणि तोंडभर जखमा दात येण्याने होत नाहीत.

दहा ते चौदा दिवसांत हे आपलं आपण बरं होतं. मधल्या काळात खरी भीती असते ती शरीरातलं पाणी कमी होण्याची. म्हणून जेवणाचा आग्रह सोडा आणि पातळ पदार्थांचा धरा. थंड दूध, गार केलेली भाताची पेज, गोड दह्याची पातळ लस्सी, ओआरएस. चमच्याने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने थोडं थोडं, दर पाच-दहा मिनिटांनी. लिंबू, संत्रं, टोमॅटोचं सार, खारट-तिखट काही नको. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनावरून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत. तोंडातून काही देण्याआधी अर्धा-पाऊण तास ते दिलं तर दोन घोट जास्त जातात. मुलांना ऍस्पिरिन देऊ नये. जखमा दिसल्यापासून पहिल्या तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तर असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं पातळ रूप सुरू करता येतं. त्याने ताप आणि जखमा लवकर आटोक्यात येतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते मागू नका. सहा-आठ तास लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, मूल मलूल पडून राहिलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. सलाईन लागू शकतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. या दिवसांत मूल अंगठा चोखत असेल तर विषाणू बोटावरही उतरतो. नखाजवळ लाल, ठणकणारी सूज येते, तीत बारीक फोड दिसतात. घरचे, कधीकधी दवाखान्यातलेही, नखुरडं समजून चिरा द्यायला निघतात. त्यात पू नसतो. चिरा दिल्याने फायदा काही नाही, उलट जखम चिघळते. हातमोजे घालण्याची पद्धत रुळली नव्हती त्या काळात दातांच्या डॉक्टरांना हे बोटाचं दुखणं पेशंटच्या तोंडातून मिळायचं.

परत परत तिथेच का

पहिली लागण ओसरली तरी विषाणू शरीर सोडून जात नाही. ओठापासून निघालेल्या संवेदनेच्या मज्जातंतूतून तो मागे सरकत जातो आणि कवटीच्या आत, कानाच्या पुढच्या अंगाला असलेल्या ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूच्या गाठीत ठाण मांडतो. तिथे तो स्वतःच्या प्रती काढत नाही, पेशीला इजा करत नाही. रोगप्रतिकारशक्तीला मारायला काही हाती लागत नाही. निमित्त मिळालं की त्याच मज्जातंतूने तो परत ओठाकडे येतो. म्हणूनच पुटकुळी बहुतेकदा त्याच बाजूला, जवळपास त्याच जागी उठते. ती आधीची चुणचुण म्हणजे विषाणू त्वचेपर्यंत पोचल्याची खूण.

निमित्तं ठरलेली असतात. कुठलाही ताप, मलेरिया आणि न्यूमोनियात ओठावर पुटकुळ्या उठणं डॉक्टरांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. ताप आणि पुटकुळी सोबत दिसायचं कारण हे. मात्र पुटकुळी उठली म्हणजे ताप ‘निघून गेला’ असं समजू नका, तापाचं कारण शोधायलाच हवं. कडक ऊन हे दुसरं मोठं निमित्त. दिवसभर उन्हात राबणारे, हिमालयात ट्रेकला जाऊन आलेले, समुद्रावर दोन दिवस घालवलेले यांना हे चांगलं ठाऊक असतं. मासिक पाळी, जागरण, परीक्षेचा किंवा घरातल्या आजारपणाचा ताण, ओठाला लागलेला मार, आणि आमच्या खुर्चीत तासभर ताणून धरलेला ओठ, हीही कारणंच. आपलं निमित्त कोणतं, हे दोन-तीन वेळच्या अनुभवावरून ओळखता येतं, आणि ते ओळखणं उपयोगाचं आहे. ऊन हे कारण असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम दर दोन तासांनी लावायचा, डोक्यावर रुंद काठाची टोपी घालायची.

राहता राहिली ‘उष्णता’. सब्जाचं पाणी, गुलकंद खुशाल घ्या, बरं वाटतं. पण विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही आणि औषधाऐवजी ते घेत बसलात तर हातातला दिवस जातो.

औषध पहिल्याच दिवशी का

असायक्लोव्हिर हे औषध १९७० च्या दशकात बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. गर्ट्रूड एलियन यांचा त्यात मोठा वाटा. पीएचडी नसलेल्या या शास्त्रज्ञ बाईंना औषधं शोधण्याच्या कामासाठी १९८८ चं नोबेल पारितोषिक जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. औषधामागची कल्पना इतकी सुरेख आहे की ती समजली की ‘लवकर घ्या’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

विषाणू पेशीत शिरून आपल्या डीएनएच्या प्रती काढतो. डीएनए म्हणजे कडीत कडी अडकवत वाढणारी साखळी. असायक्लोव्हिर दिसायला त्यातल्याच एका कडीसारखं असतं, पण पुढची कडी अडकवायला त्याला जागाच नसते. ते साखळीत गेलं की साखळी तिथेच खुंटते. मग हे आपल्या निरोगी पेशींना का त्रास देत नाही? कारण औषध पोटात जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं, आणि त्याला चालू करणारं एन्झाइम मुख्यतः विषाणूच तयार करतो. जिथे विषाणू कामाला लागलेला असतो तिथेच औषध जागं होतं.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. ओठात विषाणूच्या प्रती निघण्याचा जोर पहिल्या एक-दोन दिवसांतच असतो. खपली धरली म्हणजे ते काम उरकलेलं असतं, उरलेला भाग नुसता जखम भरण्याचा. तेव्हा सुरू केलेल्या औषधाला अडवायला साखळीच नसते. आणि मज्जातंतूच्या गाठीत गप्प बसलेला विषाणू प्रती काढतच नाही, म्हणून हे औषध त्याला तिथून हुसकू शकत नाही. ‘हर्पिस मुळासकट घालवतो’ अशी जाहिरात करणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

प्रत्यक्षात काय घ्यायचं? असायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं क्रीम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस. चुणचुण सुरू होताच लावलं तर दुखणं साधारण अर्धा ते एक दिवस आधी आटोपतं. हे ऐकायला थोडं वाटतं, आणि थोडंच आहे. पोटात घ्यायच्या गोळ्या जास्त खात्रीच्या. असायक्लोव्हिर आतड्यातून फार कमी शोषलं जातं, म्हणून ते दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचंच रूप, जास्त चांगलं शोषलं जाणारं आणि शरीरात असायक्लोव्हिरमध्ये बदलणारं. मोठ्या माणसांसाठी त्याची पद्धत फक्त एका दिवसाची आहे: २ ग्रॅम लगेच आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. फॅमसायक्लोव्हिरचा १५०० मिलिग्रॅमचा एकच डोस चालतो. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि त्या तशाच घ्यायच्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, उतारवयातही जपून द्याव्या लागतात. ज्यांना हे वारंवार होतं त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून चिठ्ठी लिहून घ्यावी आणि एक दिवसाची मात्रा घरात, प्रवासाच्या बॅगेत ठेवावी. रविवारी रात्री अकरा वाजता चुणचुण सुरू झाली तर सोमवारची ओपीडी उघडेपर्यंत निम्मी वेळ गेलेली असते.

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा त्रास होत असेल, तर काही महिने रोज कमी मात्रेत औषध घेऊन हल्ले कमी करता येतात. उन्हातली सहल, मोठं दंतोपचाराचं काम असं ठरलेलं निमित्त समोर असेल तर त्याआधी काही दिवस औषध देण्याचीही पद्धत आहे.

औषध उशिरा सुचलं तर? स्वच्छ हाताने, नाहीतर कापसाच्या बोळ्याने साधं पेट्रोलियम जेली लावा, खपली मऊ राहते आणि तडकत नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. पुटकुळी फोडायची नाही, खपली काढायची नाही. टूथपेस्टने आणि चुन्याने त्वचा भाजते. आणि सगळ्यात जास्त सांभाळायचं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमांपासून. बुरशी, जंतू, खाज सगळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या मिश्रणांत बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टिरॉइड असतं. ते लाली पटकन उतरवतं, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. पण ते त्या जागची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं.

तोंड येणं वेगळं, हे वेगळं

‘तोंड आलंय’ म्हणतो तेव्हा आपल्याला बहुतेकदा गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला झालेला गोल, पांढुरका, लाल कडेचा व्रण म्हणायचा असतो. तो आधी पुटकुळी होऊन येत नाही, तो संसर्गजन्य नाही, आणि असायक्लोव्हिरचा त्याला उपयोग नाही. हर्पिस परत येतो तो ओठाच्या बाहेरच्या कडेवर. तोंडात आलाच तर टाळूच्या पुढच्या कडक भागावर किंवा दातांभोवतीच्या घट्ट हिरडीवर. हलणारी मऊ जागा की हाडाला घट्ट चिकटलेली, एवढ्यावरून बरंचसं कळतं.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या असतील तर ते बहुधा बुरशीचं, कवळी नीट न बसल्याचं, किंवा लोह आणि बी जीवनसत्त्वांच्या कमतरतेचं. मुलाच्या तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर हँड-फूट-माउथ हा वेगळाच विषाणू. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, मधल्या रेषेपाशी थांबणारे, आधी ठणका देऊन आलेले फोड म्हणजे नागीण. तिचा विषाणू याच कुळातला, पण औषधाची मात्रा बरीच जास्त आणि घाईही जास्त.

आणि तंबाखू, गुटखा, मिश्री, खैनी यांपैकी काही वापरणाऱ्या कुणाच्याही ओठावर वा तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, मग ती दुखत नसली तरी, ती ‘उष्णता’ नाही आणि हर्पिसही नाही असं धरूनच दाखवायला या. महाराष्ट्रात तोंडाचा कर्करोग किती उशिरा हाती येतो हे रोज बघते, म्हणून हे विषय सोडूनही सांगते.

थांबू नये अशा वेळा

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, पापणीवर फोड आहेत: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. हा विषाणू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम करतो आणि नजर अधू करू शकतो. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब अशा डोळ्यात घालणं फार धोक्याचं. म्हणूनच ओठाला औषध लावून झालं की हात साबणाने धुवायचे, आणि त्या दिवसांत कॉन्टॅक्ट लेन्स लावताना दुप्पट काळजी घ्यायची.

ताप, डोकेदुखी आणि त्यासोबत माणूस असंबद्ध बोलायला लागला, वागणं बदललं, आकडी आली: थेट मोठं रुग्णालय. मेंदूला होणारा हर्पिसचा संसर्ग विरळा आहे, पण त्यात तासातासाला किंमत असते. अंगावर जुना इसब असलेल्या मुलाच्या त्वचेवर अचानक खूप फोड पसरले. केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही अशा कारणांनी प्रतिकारशक्ती कमी झालेल्याच्या तोंडात जखमा झाल्या. यातलं काहीही घरी बसून बघण्यासारखं नाही.

नवजात बाळाबद्दल तर हात जोडून सांगते. पहिल्या सहा आठवड्यांत बाळाला हा विषाणू लागला तर तो यकृत आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेततं. बारशाला आलेल्या मावशीच्या ओठावर खपली असेल तर तिने बाळाचा पापा घेऊ नये, आणि आईने तसं स्पष्ट सांगायला संकोचू नये. आईलाच पुटकुळी असेल तर दूध पाजायला हरकत नाही. हात धुवायचे, तोंडावर मास्क, पापे बंद. फक्त स्तनावर फोड असतील तर त्या बाजूचं दूध द्यायचं नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्तावलं, ताप आला, अंगावर फोड दिसला, तर तासभरही थांबू नका.

बाकीच्या घरातल्यांसाठी पथ्य साधं: खपली पडून त्वचा पूर्ववत होईपर्यंत चुंबन नको, पेला, चमचा, टॉवेल, लिपस्टिक वेगळी. पुरुषांनी त्या भागावर दाढी करू नये, वस्तऱ्याने पुटकुळ्या गालभर पसरतात. कुस्तीत अंगाला अंग घासून हा विषाणू मानेवर, खांद्यावर उतरतो, तेव्हा ओठावर पुटकुळ्या असलेल्या पोराला तालमीत उतरवू नये. मुखमैथुनातून तो जोडीदाराच्या जननेंद्रियावर जातो, त्या दिवसांत तेही टाळायचं. पुटकुळी नसतानाही लाळेतून थोडा विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, तो पूर्णपणे रोखता येत नाही. मात्र सर्वाधिक धोका ओल्या जखमेच्या वेळी.

रिपोर्टमधला हर्पिस

निदान बहुतेकदा नुसतं पाहूनच होतं. शंका असेल तर फोडातल्या द्रवाची पीसीआर तपासणी करतात. रक्ताची तपासणी मात्र फार घोटाळे करते. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये किंवा गरोदरपणात बाळाला धोक्याचे संसर्ग शोधणाऱ्या टॉर्च चाचणीत ‘एचएसव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली, असं छापून येतं आणि घरात भूकंप होतो. लग्न ठरलेली मुलगी रिपोर्ट पर्समध्ये लपवून आली आणि केबिनचं दार लागल्यावर रडली, असं माझ्याच दवाखान्यात घडलं आहे. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की कधीतरी, बहुधा बालवाडीच्या वयात, हा विषाणू शरीराला भेटून गेला. तो कुणाकडून आला, कधी आला, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही. चारित्र्याचा तर त्याच्याशी संबंधच नाही. त्रास नसेल तर त्या रिपोर्टवर उपचारही करायचे नसतात. गरोदर बाईला पुटकुळी आली तर असायक्लोव्हिर देता येतं, त्याचा अशा वेळी वापर झाल्याचा बराच अनुभव गाठीशी आहे. फक्त आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्यायचं. जननेंद्रियावर पहिल्यांदाच फोड आले असतील, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर ते त्यांना लगेच कळवायचं, कारण बाळंतपण कसं करायचं हे त्यावर ठरतं.

दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली असेल आणि ओठावर पुटकुळी उठली, तर आधी फोन करा. दात ठणकत नसेल, सूज नसेल, तर आम्ही आठ-दहा दिवस पुढची तारीख देतो. त्यामुळे ओठ ताणून जखम वाढत नाही, आणि ड्रिलच्या फवाऱ्यातून विषाणू तुमच्या डोळ्यात किंवा आमच्या मदतनीसाच्या चेहऱ्यावर उडत नाही.